अमानतीचा हंडा

आमच्या लोकांत जागेवर बसायचं तर काही द्यायची रीत नव्हती, उलट घ्यायची होती. आज कुणाला हे सांगितलं तर हसतात, म्हणून आधी तेच सांगते. आम्ही मेंढरामागं फिरणारी माणसं. दिवाळी सरली की गेवराईकडून गोदावरीच्या काठाकाठानं आमचा कळप निघायचा. वाटेतले शेतकरी सामोरे यायचे आणि म्हणायचे, आमच्या वावरात चार दिवस मेंढरं बसवा. मेंढरं बसली की लेंडी रानात मुरते, पीक जोमानं येतं, आणि त्याबद्दल ते आम्हाला पायलीनं ज्वारी मोजून द्यायचे. बसणार आम्ही आणि दाणे देणार रानाचा मालक, हेच मी लहानपणापासून बघितलेलं. त्यामुळं बीडात पहिल्यांदा खोली बघायला गेलो आणि दलाल म्हणाला की राहायच्या आधीच पैसे ठेवावे लागतील, तेव्हा मला वाटलं, हा माणूस उलटं बोलतोय.

निजामाचं राज्य होतं. लग्न होऊन मला दोन-तीन वर्षं झाली असतील. एका साली मेंढरांत रोग शिरला आणि आमचा सगळा वाडगा रिकामा झाला. आमचे हे तसे हुशार, चार अक्षरं उर्दूची आणि चार मराठीची येत होती, म्हणून त्यांना बीडच्या कचेरीत चपराशाची जागा मिळाली. छातीवर आडवा पट्टा आणि पट्ट्यावर पितळी बिल्ला. मी तो बिल्ला राखेनं घासून असा लख्ख ठेवायची की कचेरीतले मुन्शी म्हणायचे, साहेबापेक्षा चपराशीच जास्त चमकतोय. पण बिल्ला चमकून पोट भरत नाही आणि डोक्यावर छप्परही येत नाही.

बीडात आलो तेव्हा आमच्याजवळ दोन गाठोडी, एक घोंगडी, चार रुपये आणि एक तांब्याचा हंडा होता. त्या हंड्याचं सांगायला पाहिजे, कारण ही सगळी गोष्ट त्याचीच आहे.

माझा बाप मेंढरामागं असतानाच दरडीवरून पडला आणि त्याचा पाय कायमचा अधू झाला. मग तो गावातच राहून लोकांची माळवदं घालू लागला. आमच्याकडं घरांना कौलं नसतात. वर लाकडं, लाकडांवर काटक्या, काटक्यांवर पाला आणि त्यावर मातीचा जाड थर, त्या मातीच्या सपाट छपराला माळवद म्हणतात. दर उन्हाळ्यात त्यावर नवी माती घालावी लागते, नाहीतर पावसाळ्यात घर गळतं. बापाला एका जागी बसून चोपता यायचं, पण माती वाहायला आणि तुडवायला पाय लागतात. ते पाय माझे. आठव्या-नवव्या वर्षापासून लग्न होईपर्यंत गावातलं एकही माळवद असं नसेल ज्यावर मी नाचले नाही. त्या कामाचे दाणे साठवून बापानं माझ्या लग्नात हा हंडा दिला आणि तांबटाकडून त्यावर माझं नाव कोरून घेतलं.

लग्नात सासरी नाव बदलतात. माझंही बदललं. माहेरचं नाव तांदळाच्या ताटात पुसलं गेलं, आणि वर्षाच्या आत बापही गेला. त्या नावानं मला हाक मारणारं कुणी उरलं नाही. ते नाव फक्त हंड्यावर राहिलं. मला तेव्हा वाचता येत नव्हतं, पण हंडा घासताना त्या अक्षरांवरून बोट फिरवायची आणि मनात म्हणायची, ही मी.

तर दलाल. हा गडी मूळचा बैलबाजारातला. आठवड्याच्या बाजारात बैलांचे सौदे करायचा आणि मधल्या दिवसांत घरांचे. उंच, मिशाळ, खांद्यावर तांबडा रुमाल. बैलांचा भाव कसा ठरतो ते ज्यांनी बघितलंय त्यांना माहीत असेल. दलाल रुमाल पसरतो, रुमालाखाली घेणाऱ्याचा हात हातात घेतो आणि बोटं दाबून आकडा सांगतो. बघणाऱ्याला काही कळत नाही. मग देणाऱ्याचा हात धरतो, पुन्हा बोटं दाबतो. या बाबानं घराचा सौदाही तसाच केला. आधी मालकाचा हात रुमालाखाली, मग आमच्या ह्यांचा. ह्यांनी जन्मात बैल विकला नव्हता. बोटं दाबली जात होती आणि हे मान हलवत होते. मी बाजूला पदर दाताखाली धरून उभी होते आणि मनात म्हणत होते, ह्यांना ह्यातलं काय बी कळत नसणार. तसंच निघालं.

रुमाल काढला आणि दलालानं मोठ्यानं सांगितलं, "ठरलं. किराया म्हैन्याला दोन रुपये हाली. पैला म्हैना आगाऊ. माजी दस्तूरी दोन रुपये, ती बी आजच. तीन म्हैन्याच्या किरायाइतकी अमानत मालकाकडं ऱ्हाईल, घर सोडताना परत. आन् माळवदाची माती किरायादारानं बगायची."

हाली म्हणजे आमच्या राज्यातला रुपया. जवळ चारच होते. दोन आगाऊ किरायाचे आणि दोन दलालाचे, झाले चार. अमानतीला काय देणार? हे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणाले, "माझ्याकडं कावून बगता? मान तुमी हलवली."

मालक ओट्यावर बसले होते. पन्नाशीचे, जाडजूड, डोक्याला मोठी पगडी. शहरात दोन ओळी घरं, शिवारात काळी रानं. त्यांची नजर माझ्या डोक्यावरच्या हंड्यावर गेली. म्हणाले, "पैसे न्हाईत तर ते भांडं ठेव. घर जसं हाय तसं परत कर, भांडं जसं हाय तसं परत घे."

मी हंडा उतरवला. अंगातनं काहीतरी उतरवून दिल्यासारखं झालं, आणि मला राग असा आला की डोळ्यांत पाणी यायलाही जागा राहिली नाही. मी दलालाकडं वळले. "मामा, दस्तूरी निस्ती आमीच देयाची का?"

"मालकाकडनं बी घेतो," तो म्हणाला. "दोनी बाजूंनी घेतो, म्हणून दोनी बाजूंनी हुबा ऱ्हातो. तंटा झाला तर मला बोलवा."

त्याला वाटलं बाईनं ऐकलं आणि विसरली. मी काही विसरत नाही. मालकाचं वाक्य आणि दलालाचं वाक्य, दोन्ही मी पदराच्या गाठीत बांधून ठेवली.

खोली चांगली होती, खोटं कशाला बोलू. दोन खणांची, मातीच्या भिंती, एका बाजूला मालकाचं कोठार. कोठारात सरकीची पोती असायची. आमच्या आणि कोठाराच्या मधे एकच भिंत, आणि वर माळवदही एकच, मधे फक्त हातभर उंचीचा मातीचा बांध. दुसऱ्या बाजूला एक म्हातारी खाला राहायची. तिचा नवरा पाणी न्यायच्या कातडी पिशव्या शिवायचा. खाला जिभेनं तिखट होती, पण पहिल्याच दिवशी माझ्या रिकाम्या घरात तिनं ज्वारीची भाकरी आणि अंबाड्याची भाजी आणून ठेवली. म्हणाली, "कायकू रोती? खा पैले."

मी रडत नव्हते. पण भाकरी खाल्ली.

वैशाख लागला आणि मी माळवदाचं काम काढलं. बीडच्या वेशीबाहेर जुन्या वस्तीचं टेकाड होतं, त्याची माती पांढरी. माळवदाला तीच लागते. ती भिजली की घट्ट बसते, वाळली तरी फाटत नाही. मी पहाटे उठून पाट्या डोक्यावरून आणायची, चाळायची, वर न्यायची. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, "अगं, चपराशाची बायकू तू, गाढवं लाव की." मी म्हणायची, "गाढवाला किती देयाचे ते तुमी देता का?" पंधरा दिवसांत थर घातला, पाणी शिंपलं, तुडवलं, चोपलं. पाणी पन्हाळीकडं जाईल असा उतार ठेवला, बापानं शिकवला तसा. तळहाताला एकही खडा लागत नव्हता. संध्याकाळी खाला वर आली, चप्पल खालीच काढली आणि त्यावर हात फिरवून म्हणाली, "इसपे तो रोटी बेलना." इतकं छान मला आजवर कुणी बोललेलं नाही.

त्याच आठवड्यात मालकाच्या गड्यानं कोठारावरच्या माळवदावर माती आणून टाकली. काळी. शेतातनं गाडी रिकामी यायची, तिच्यात भरून आणली, म्हणजे फुकट. मी मालकांना वाटेत गाठून सांगितलं, "मालक, काळी माती वाळली की भेगाळती. पाणी सरळ खाली उतरंल. पांढरी घाला, मी जागा दाखवते."

मालक गड्याकडं बघून हसले. "मेंढरं राखणारीनं मला घर शिकवावं, असे दिवस आले."

मी गप्प बसले. माझ्यासारखीनं गप्प बसणं म्हणजे काय ते आमच्या ह्यांना विचारा. ते त्या रात्री जेवताना एक शब्द बोलले नाहीत.

श्रावणात झड लागली आणि आमच्या खोलीच्या एका कोपऱ्यात, कोठाराच्या भिंतीलगत, टपटप सुरू झालं. बाकी सगळं घर कोरडं. मी भर पावसात वर जाऊन आले. माझ्या बाजूनं पाणी धावत पन्हाळीला जात होतं, आणि बांधापलीकडं काळ्या चिखलात डबकी साठली होती. मालकांना सांगितलं. ते म्हणाले, तुझ्या घरात गळतंय, तूच बघ. पुढच्या उन्हाळ्यात मी माझ्या बाजूला पुन्हा थर दिला, मालकाच्या गड्यानं त्याच्या बाजूला पुन्हा काळीच माती टाकली, आणि पुढच्या पावसाळ्यात तोच कोपरा पुन्हा गळला.

असं करत सव्वादोन वर्षं गेली. मग फाल्गुनाच्या शेवटी ह्यांची बदली केजच्या तहसिलीत झाली. मला काय आनंद झाला. केज गाव कसं आहे, मोठं का लहान, मला काही माहीत नव्हतं. मला एवढंच माहीत होतं की घर सोडायचं म्हणजे हंडा परत मिळणार.

आम्ही दोघं मालकांकडं गेलो. किरायाचा एक पैसा आमच्याकडं थकलेला नव्हता. मालक पान लावत होते. म्हणाले, "भांडं कशाचं? तुज्या खोलीवरची तुळई कुजली. दोन पावसाळे गळली. सुतार बोलवावा लागंल. अमानत त्यात गेली."

"गळली ती तुमच्या बाजूनं," मी म्हणाले.

"गळली तुज्या खोलीत."

हे माझ्या कोपराला धरून मला बाहेर घेऊन आले. वाटेत म्हणाले, "जाऊ दे. त्यांचं कचेरीत उठणं-बसणं हाय, आपली नोकरी लहान. केजात नवा हंडा घिऊ."

मी रस्त्यातच थांबले. "हंडा नवा घ्याल. त्याच्यावरचं नाव कुठनं आणाल?"

ह्यांनाही ते नाव माहीत होतं, लग्नाआधी एकदाच ऐकलेलं.

दुसऱ्या दिवशी खाला धावत आली. तांबटाच्या दुकानात तिनं मालकाचा गडी बघितला होता, हातात माझा हंडा. जुनं नाव घासून मालकाचं घालायचं, असं तो सांगत होता. मला आजही ते आठवलं की कानशिलं तापतात. तुळई कुजली म्हणून भांडं ठेवलं, इथवर मी भांडले असते, रडले असते, कदाचित सोडूनही दिलं असतं. पण नाव घासायचं? मी चुलीवरची भाकरी तशीच टाकली आणि निघाले.

तांबटाकडं नाही गेले. बैलबाजारात गेले.

बाजाराचाच दिवस होता. बाजारात बायका नव्हत्या असं नाही, पण बैलांच्या रांगेत एकही नव्हती. मी मधून सरळ चालत गेले. दलालाचा एक सौदा चालू होता, रुमाल पसरलेला, रुमालाखाली कुणाचा तरी हात. भोवती दहा-पंधरा शेतकरी. मी समोर उभी राहिले आणि म्हणाले, "मामा, तुमी दोनी बाजूंनी दस्तूरी घेतली. दोनी बाजूंनी हुबं ऱ्हातो म्हणाला व्हता. मी बोलवायला आले."

त्याला आधी ओळखच पटली नाही. पटली तेव्हा म्हणाला, "सौदा चाललाय बाई, मागनं बगू."

"मागनं नाव घासून झालं असंल. आमी केजला जाणार. ह्या लोकांनी आज तुमच्या हातात हात दिलाय. तुमचा शबूद किती दिस टिकतो, ते त्यांना बी कळू द्या."

रुमालाखालचा हात निघाला. ज्याचा हात होता तो शेतकरी म्हातारा, मांजरसुंब्याकडचा. तो दलालाला म्हणाला, "जा बे आधी. माजा बैल कुठं पळून चाललाय?" आजूबाजूचे हसले. दलालाचं तोंड रुमालासारखं तांबडं झालं, पण तो उठला. बैलाच्या दलालाकडं तराजू नसतो की कागद नसतो, बोललेलं पाळलं तरच उद्या कुणी हात देतो. हे मला ठाऊक होतं, म्हणूनच मी बाजाराच्या दिवशी गेले होते.

दलाल आधी तांबटाकडं गेला आणि काम थांबवून हंडा उचलून मालकाच्या ओट्यावर आणून ठेवला. तंटा मिटेपर्यंत तिथंच राहील, म्हणाला. मी जवळ जाऊन बघितलं. तांबटानं सुरुवात केलेली होती. पहिलं अक्षर निम्मं घासलं गेलं होतं. बाकीचं शाबूत. मी हात लावला नाही.

मालक चिडलेले. "दलाला, तू कुणाच्या बाजूचा हायस?"

"दोनींच्या," दलाल म्हणाला. "तुमचं म्हणणं, गळती हिच्या मातीनं झाली. हिचं म्हणणं, तुमच्या. बोला, ठरवायचं कसं?"

"चैताच्या उन्हात गळती काय आकाशातनं दाखवणार हाय का ही?"

"घागरीनं दाखवते," मी म्हणाले.

चैत्रात बीडातलं पाणी म्हणजे काय असतं ते बीडकरालाच कळतं. बिंदुसरा नदी वाळून नुसती वाळू उरलेली, आमच्या गल्लीच्या विहिरीत तळाला जाऊन वाटीनं भरावं लागायचं. एक घागर भरायला बाईची सकाळ जायची. ते पाणी माळवदावर ओता असं मी कुणाला कोणत्या तोंडानं म्हणणार होते? मी माझी एक घागर आणि एक कळशी आणली. तेवढ्यात खाला तिची घागर कमरेवर घेऊन आली. म्हणाली, "मेरी भी डाल." तिच्यामागं पलीकडच्या खोलीतली कोष्टीण आली, मग समोरची, मग तिच्याही मागची. सगळ्या मालकाच्याच किरायादारणी. प्रत्येकीचं एकेक भांडं मालकाच्या घरात अमानत पडलेलं होतं, कुणाची परात, कुणाचं घंगाळ, कुणाची समई. माझी सोडून त्यांच्याच नऊ घागरी झाल्या. मी शिडीवर चढताना एकदा मागं वळून बघितलं. त्या नऊ बाया कडेला उभ्या होत्या. बापानं मला बघायला पाहिजे होतं.

आमचे हे आणि दलाल माझ्या खोलीत उभे राहिले, वर बघत. मालक स्वतः कोठारात गेले, सरकीच्या पोत्यांजवळ. मी आधी माझ्या बाजूला चार घागरी ओतल्या. पाणी उतारानं सरळ पन्हाळीकडं गेलं आणि खाली पडलं. खालाची अक्कल बघा, तिनं पन्हाळीखाली आधीच घागर लावून ठेवली होती. पाणी थोडं गढूळ, पण जवळजवळ सगळं परत मिळालं. खालून दलालाचा आवाज आला, "कोरडं हाय."

मग मी बांध ओलांडला. काळ्या मातीच्या भेगा अशा की हाताची चार बोटं आत जावीत. पाचवी घागर ओतली. पाणी पन्हाळीकडं गेलंच नाही, तिथल्या तिथं गुडूप झालं. सहावी ओतली. सातव्या घागरीला खालून मालकांचा आवाज आला, पण तो मला नीट कळला नाही. आठवी ओतायच्या आत दलाल अंगणात आला आणि वर हात करून म्हणाला, "बास बाई, पाणी ठेव."

मी खाली उतरले. मालक कोठाराच्या दारात उभे होते. पगडीवरून काळं पाणी गालावर आलं होतं. मागं सरकीची दोन पोती भिजलेली. आणि माझ्या खोलीत, त्याच कोपऱ्यात, कोठाराकडून आलेल्या तुळईच्या पोटावरून पाणी सरकत येऊन टपटपत होतं, नेमकं दोन वर्षांच्या जुन्या डागावर. ह्यांनी तिथं हात धरला होता. ओला हात त्यांनी मालकांना दाखवला. माझा नवरा कुणाच्या अध्यात ना मध्यात, वरच्या माणसासमोर मान वर न करणारा. तो म्हणाला, "मालक, हे पाणी तुमचं हाय."

मला त्या माणसाचा त्या क्षणी जितका अभिमान वाटला तितका पुढं तो जमादार झाला तेव्हाही वाटला नाही.

दलाल म्हणाला, "मालक, घर जसं हाय तसं तिनं परत केलं. जसं व्हतं त्याच्याहून चांगलं केलं. भांडं द्या."

मालकांनी गड्याला खूण केली. मी म्हणाले, "गड्याच्या हातनं न्हाई घेणार. माज्या हातातनं तुमी घेतलता. तुमीच द्या." सगळी गल्ली बघत होती. मालक ओट्यावर गेले, वाकले, हंडा उचलला आणि माझ्या हातात दिला. मी पदरानं पुसला. अर्धं अक्षर गेलेलं होतं, ते गेलंच. पुढं हे मला लिहायला शिकवायला बसले तेव्हा मी पहिलं तेच अक्षर शिकून घेतलं.

इथं गोष्ट संपली असं वाटेल, पण मालकही व्यवहाराचा माणूस. दोन दिवसांनी त्यांनी दलालाकडून निरोप पाठवला. सरकी भिजायला लागली की अपमान मागं पडतो. त्यांच्या राहत्या घराचं आणि कोठाराचं माळवद मी घालून देईन का, काय मजुरी घेईन? केजला जायला अजून बारा दिवस होते.

मी दलालाला म्हणाले, "करते. काळी माती आधी खरवडून काढायची, ती त्यांच्या गड्यानं. मजुरी पायलीनं ज्वारी, निम्मी आगाऊ. आन् काम संपंपर्यंत त्यांनी माज्याकडं अमानत ठेवायची."

"अमानत? मालकानं?"

"आंघोळीचं पितळी घंगाळ चालंल. मोठं हाय त्यांचं."

दलाल कपाळावर हात मारून इतका हसला की त्याला ठसका लागला. पण निरोप नेला, आणि संध्याकाळी गड्याच्या डोक्यावरून घंगाळ माझ्या दारात आलं. मी ते दारातच ठेवलं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं. बारा दिवस मालकाच्या डोक्यावर बसून मी त्यांचं छप्पर चोपत होते आणि त्याचे दाणे मला मालक देत होते. आमच्या लोकांत रीतच ती. जाताना घंगाळ चिंच लावून घासलं आणि पोचतं केलं. मालक म्हणाले, "बाई, काम चांगलं केलंस." मी म्हणाले, "काम बापाचं हाय."

निघायच्या दिवशी नऊजणी गाडीपर्यंत आल्या. खालानं हंड्यात दोन भाकरी ठेवल्या.

केजला पोचलो तेव्हा उन्हं कलत होती. तिथल्या दलालानं आम्हाला एक घर दाखवलं, एकखणी, दार चांगलं. मालक समोर होता. दलालानं खांद्यावरचा रुमाल काढला, पसरला आणि ह्यांच्यासमोर हात केला. ह्यांनी दोन्ही हात पाठीमागं नेले. म्हणाले, "आमच्या घरात सौदा ही करती. हिला इचारा."

दलाल माझ्याकडं बघायला लागला. बाईचा हात रुमालाखाली कसा घ्यायचा, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

"रुमाल खांद्यावर टाका मामा," मी म्हणाले. "काय देयाचं-घ्यायचं ते मोठ्यानं बोला. आन् त्याच्या आधी शिडी आणा, मला माळवद बगायचंय."

तो शिडी आणायला गेला. हंडा मी अजून डोक्यावरून उतरवलाच नव्हता.